जाहिरातीच्या आधी

संशोधनातली जागा जाहिरात लागते त्या दिवशी निर्माण होत नाही. त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी कुणी प्राध्यापक अनुदानाचा प्रस्ताव लिहीत असतो आणि अंदाजपत्रकाच्या तक्त्यात एक ओळ भरतो: पोस्टडॉक एक, ३६ महिने. पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीसाठी घेतलेला संशोधक. प्रस्ताव परीक्षकांकडे जातो, समितीत त्याची क्रमवारी लागते, मंजुरीचं पत्र येतं, विद्यापीठाच्या लेखा विभागात खातं उघडलं जातं आणि सगळ्यात शेवटी जाहिरात लागते. तोवर त्या प्राध्यापकाने परिषदांमध्ये दोन-चार जणांशी बोलून ठेवलेलं असतं. पैसा कधी सुरू होणार, कधी संपणार, त्यातून कोणतं काम व्हायला हवं, हे सगळं ठरून गेलेलं असतं. अर्जदाराला मात्र फक्त जाहिरात दिसते आणि तो तिथून शोधाला लागतो.

या एका उशिरापायी चांगली, कष्टाळू माणसं मागे पडतात. वाईट अशासाठी वाटतं, की जागेमागच्या पैशाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी उघड्या असतात आणि त्या वाचायला कुणाची ओळख लागत नाही.

पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट प्रकल्पाच्या अनुदानाची: पैसा प्राध्यापकाच्या नावावर, काम त्याने आखलेलं, तुमची मुदत प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेली. दुसरी फेलोशिपची: पैसा तुमच्या नावावर, प्रश्न तुमचा, फक्त ते काम करू देणारी लॅब हवी. तिसरी संस्थेच्या स्वतःच्या पदांची: सहायक प्राध्यापक, कायम संशोधक, उपकरण-शास्त्रज्ञ. या तिन्हींसाठी एकच सीव्ही आणि एकच पत्र पाठवणारे फार आहेत. पहिल्या वाटेवर विचारलं जातं, 'माझं काम तुला येतं का?' दुसऱ्या वाटेवर, 'तुझा प्रश्न मोलाचा आहे का?' तिसऱ्या वाटेवर, 'पुढची २५-३० वर्षं तू इथे काय उभं करणार?' एका पत्राने तिन्हींची उत्तरं देता येत नाहीत.

पहिल्या वाटेसाठी अनुदानांच्या नोंदी उघडाव्यात. अमेरिकेत विज्ञानाला अनुदान देणाऱ्या एनएसएफची शोधयादी आहे आणि वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या एनआयएचचं रिपोर्टर आहे. युरोपीय संघाच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, जर्मनीच्या डीएफजी या अनुदान संस्थेसाठी गेप्रिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, जपानसाठी काकेन. शोधताना विषयाचं नाव घालू नका. 'पेशी जीवशास्त्र' असं घातलं तर हजारो नोंदी येतात. तुम्ही हाताने करता ते तंत्र किंवा तुमचा पदार्थ, जीव, खनिज घाला: क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, पेरोव्हस्काइट, झिरकॉनचं कालमापन. मग गेल्या बारा महिन्यांत सुरू झालेले प्रकल्प वेगळे काढा आणि प्रत्येकाची सुरुवात, शेवट, रक्कम आणि सारांश टिपून ठेवा.

त्या चार गोष्टींवरून बरंच कळतं. तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेल्या पाच वर्षांच्या प्रकल्पात माणसं घ्यायची बाकी असण्याची शक्यता मोठी असते. दहा महिने उरलेल्या प्रकल्पात जागा असली, तरी ती दहा महिन्यांची आहे, आणि त्यातले पहिले चार नवी लॅब समजून घेण्यात जातात. रकमेवरून माणसांचा अंदाज बांधता येतो. युरोपीय संशोधन परिषदेचं स्टार्टिंग अनुदान पाच वर्षांसाठी सर्वसाधारणपणे १५ लाख युरोपर्यंत असतं. त्यातून संस्थेचा अप्रत्यक्ष खर्च, साहित्य आणि प्रमुख संशोधकाच्या पगाराचा वाटा गेला की प्रयोगशील विषयात तीन-चार माणसांपुरता पैसा उरतो. या अनुदानाच्या विजेत्यांची यादी नाव, प्रकल्प आणि संस्थेसकट सहसा सप्टेंबरात जाहीर होते. यादी लागल्यावर लगेच गेलेल्या पत्राला जितक्या जिव्हाळ्याने उत्तर येतं, तितकं सहा महिन्यांनी जाहिरात पाहून केलेल्या अर्जाला येत नाही. पहिल्यांदाच गट उभारणाऱ्या त्या माणसालाही आपल्याकडे कोण येईल याची काळजी असते.

वेळापत्रकाकडे दुर्लक्ष झालं की अख्खं वर्ष जातं. खगोलशास्त्र आणि सैद्धांतिक भौतिकशास्त्र हंगामावर चालतात: जाहिराती सप्टेंबर-ऑक्टोबरात, बहुतेक मुदती नोव्हेंबर-डिसेंबरात, नेमणुका पुढच्या शरदात. अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या धोरणानुसार पोस्टडॉकच्या उमेदवाराला १५ फेब्रुवारीच्या आधी होकार-नकार द्यायला भाग पाडू नये. कुणी जानेवारीत तीन दिवसांत उत्तर मागितलं तर त्या धोरणाचा सभ्यपणे उल्लेख करून मुदत मागता येते. अमेरिकेतल्या सहायक प्राध्यापकपदांच्या जाहिराती ऑगस्टपासून लागतात आणि मुलाखती डिसेंबर ते मार्चमध्ये होतात. फ्रान्सच्या सीएनआरएस या राष्ट्रीय संशोधन संस्थेत कायम संशोधकपदांची स्पर्धा वर्षातून एकदा, अर्ज हिवाळ्यात. प्रायोगिक जीवशास्त्राच्या लॅबमध्ये पोस्टडॉकला हंगाम नाही. पैसा आला की माणूस हवा. भूशास्त्र, हिमशास्त्र, परिसंस्थाशास्त्र यांत कॅलेंडर मोसम ठरवतो. उन्हाळ्यातल्या क्षेत्रकामासाठी माणसं हिवाळ्यातच पक्की होतात, आणि रुजू व्हायला सहा आठवडे उशीर झाला तर बर्फ वितळून गेलेला असतो, म्हणजे पहिली मोजणी थेट पुढच्या वर्षी. नेमणुकीची तारीख ठरवताना हे विचारायला विसरू नये.

आता प्राध्यापकाला लिहायच्या पहिल्या मेलबद्दल. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त संधी याच पायरीवर वाया जातात.

मेल १५० ते २०० शब्दांचा असावा. फोनच्या पडद्यावर एक-दोनदा बोट सरकवून वाचून व्हावा. विषयाच्या ओळीत काय हवं, कधीपासून आणि कोणत्या तंत्राचं काम, हे यावं: 'पोस्टडॉक, पुढच्या जानेवारीपासून, कमी तापमानाची रामन मोजणी'. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या कामातला एक नेमका प्रश्न. 'आपलं संशोधन अत्यंत प्रेरणादायी आहे' हे वाक्य कुणालाही पाठवता येतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही. त्याऐवजी समजा असं लिहिलं: तुमच्या अलीकडच्या पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत ४० केल्विनच्या खाली शिखर रुंद होत जातं, ते नमुन्यातल्या ताणामुळे आहे की दोषांमुळे, हे ध्रुवीकरण बदलून मोजलं तर वेगळं करता येईल का? हे वाचणारा माणूस थांबतो. कदाचित तो प्रश्न त्यालाही छळत असेल. कदाचित त्याचं उत्तर त्याला ठाऊक असेल आणि ते सांगण्यासाठी तरी तो लिहील. दुसऱ्या परिच्छेदात तुम्हाला काय करता येतं ते: कोणतं उपकरण स्वतः जुळवलं, किती मोठा विदासंच हाताळला, कोणती संगणकप्रणाली लिहिली. 'ओळख आहे' आणि 'स्वतंत्रपणे चालवतो' यांतला फरक प्रामाणिकपणे ठेवावा, कारण तो मुलाखतीत दहा मिनिटांत उघडा पडतो. तिसऱ्या परिच्छेदात पैसा आणि तारीख. सोबत दोन पानांचा सीव्ही, एकच पीडीएफ, फाइलच्या नावात तुमचं आडनाव.

तिसरा परिच्छेद बहुतेक जण 'तुमच्याकडे जागा आहे का?' एवढ्यावर संपवतात. पैसा नसेल तर या प्रश्नाचं उत्तर 'नाही', आणि संवाद तिथेच थांबतो. पण तुम्ही लिहिलंत की युरोपीय संघाच्या सप्टेंबरातल्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपसाठी तुम्ही पात्र आहात आणि त्यांच्या लॅबमधून अर्ज करायची इच्छा आहे, तर त्यांच्यापुढे वेगळा प्रश्न उभा राहतो: या माणसासोबत दोन महिने प्रस्तावावर काम करावं का? याला होकार देणं सोपं असतं. मात्र हा मेल मे-जूनपर्यंत जायला हवा. ऑगस्टच्या अखेरीस आलेल्या अशा मेलवरून वाचणाऱ्याला एवढंच कळतं, की तुम्हाला घाई झाली आहे.

उत्तर नाही आलं तर दहा-पंधरा दिवसांनी एकदा आठवण करावी, त्याच मेलच्या धाग्यात, दोन ओळींत. त्यानंतर थांबावं. मौनाचा अर्थ नकार असतोच असं नाही. अनेकदा पैशाचा निर्णय अडकलेला असतो, कधी मेल नुसताच दोनशे मेलखाली गेलेला असतो. एकाच विभागातल्या सहा जणांना तोच मजकूर मात्र पाठवू नका. ते एकाच मजल्यावर बसतात आणि एकमेकांना मेल पुढे धाडतात.

फेलोशिपमध्ये घड्याळ आणि भूगोल दोन्ही मोजले जातात. मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिपच्या नियमानुसार अर्जाच्या मुदतीआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावेत. म्हणजे ज्या देशात आधीच पोस्टडॉक सुरू केली, तिथेच राहून ही फेलोशिप घेऊ म्हणाल, तर दुसऱ्या वर्षात दार बंद होतं. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रामच्या फेलोशिपलाही नव्या देशात जावं लागतं. तिच्यात भौतिक, रसायन किंवा गणितातून जीवशास्त्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी वेगळी वाट आहे, आणि विषय बदलायचा असेल त्याने ती जरूर पाहावी. जर्मनीच्या हुम्बोल्ट फेलोशिपला देशांचा किंवा विषयांचा कोटा नाही, पण यजमानाची लेखी संमती लागते. एनआयएचच्या के-९९ या अनुदानासाठी पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त चालत नाही. जर्मनीत २००७ च्या कायद्याने मुदतीच्या करारांवर पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षांची मर्यादा घातली. वैद्यकात नंतरची नऊ. हे आकडे आणि त्यांतले अपवाद बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीचं नियमपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचावं. बाळंतपण, दीर्घ आजार, घरच्यांची शुश्रूषा यांसाठी मुदत वाढवून देण्याची तरतूद बऱ्याच ठिकाणी आहे. ती मागावी लागते, आपोआप मिळत नाही, आणि हक्काची असूनही संकोचाने न मागणारे पुष्कळ आहेत. मागा.

आणखी एक. काही फेलोशिप नोकरीचा करार देतात, काही नुसता स्टायपेंड. स्टायपेंडची मासिक रक्कम हातात कधी जास्तही दिसते, पण आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, पगारी रजा त्यात असतीलच असं नाही. कुटुंब सोबत येणार असेल तर हा फरक वर्षाच्या हिशेबात मोठा निघतो.

शिफारसपत्रांचं वजन विषयाप्रमाणे बदलतं. कणभौतिकीत ते सर्वांत जास्त. २०१५ साली ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांनी मिळून हिग्ज कणाच्या वस्तुमानाचा पेपर काढला, त्यावर पाच हजारांहून जास्त लेखकांची नावं होती. अशा यादीतून एका माणसाचं काम कळणार कसं? ते पत्रातूनच कळतं: कोणत्या विश्लेषणाची जबाबदारी घेतली, कोणती अंतर्गत टिपणं लिहिली, कोणता उपगट चालवला. जीवशास्त्रात पहिला लेखक कोण हे दिसतं, त्यामुळे तिथे पत्राने वेगळं काम करायचं असतं: कल्पना कुणाची होती ते सांगायचं.

पत्र कमजोर होण्याचं कारण बहुधा वैर नसतं. लिहिणाऱ्याकडे तपशील नसतो, एवढंच. पत्र मागताना तीन-चार आठवडे हाताशी असावेत आणि सोबत एक संच द्यावा: सीव्ही, संशोधनाचं टिपण, मुदतींचा एक तक्ता आणि त्यांच्यासोबत केलेल्या कामातले तीन ठोस प्रसंग. 'वर्गात पहिल्या पाचांत होता' यावर संपणारं पत्र समितीच्या लेखी रिकामंच. मागताना 'पत्र द्याल का?' ऐवजी 'ठामपणे शिफारस करता येईल का?' असं विचारलं, तर समोरच्याला सन्मानाने नकार द्यायला जागा राहते. मुदतीच्या तीन दिवस आधी अर्जाच्या पोर्टलवर जाऊन तिन्ही पत्रं पोचली का ते पाहावं. त्या पोर्टलचे स्वयंचलित मेल पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात. गाइडशी संबंध बिघडलेले असतील तर पीएचडी समितीतल्या दुसऱ्या कुणी पत्र द्यावं आणि गाइडचं पत्र का नाही हे त्यात एका वाक्यात, कडवटपणा न आणता, सांगावं. कारण न देता ती जागा रिकामी ठेवली की समिती आपापल्या मनाने ती भरते.

सीव्हीवर फार वेळ घालवू नये. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक), प्रीप्रिंटचे (परीक्षणाआधी खुल्या केलेल्या पेपरांचे) दुवे आणि प्रत्येक पेपरात तुमचा वाटा काय होता याची एकेक ओळ असली की पुरे. संशोधन-टिपणावर मात्र आठवडे द्यावेत. पोस्टडॉकसाठी साधारण दोन पानं, प्राध्यापकपदासाठी तीन ते पाच. जाहिरातीने मर्यादा दिली असेल तर ती पाळावी. तीन उद्दिष्टं ठेवली आणि दुसरं-तिसरं पहिल्याच्या यशावर अवलंबून ठेवलं, तर पहिलं फसताच सगळं बसतं, आणि समितीतला अनुभवी माणूस नेमका तिथेच बोट ठेवतो. पहिलं उद्दिष्ट वर्षभरात, हाताशी असलेल्या साधनांवर होणारं असावं. दुसरं त्याच्यापासून स्वतंत्र. तिसरं धाडसाचं, आणि ते जमलं नाही तरी हाती काय उरेल हे लिहिलेलं. प्राध्यापकपदाच्या टिपणात आणखी एका प्रश्नाचं उत्तर हवंच: हे काम तुमच्या आधीच्या प्रमुखाच्या लॅबमध्ये होत राहणार असेल, तर तुम्हाला का घ्यावं? कोणता प्रश्न तुम्ही सोबत नेणार हे त्या प्रमुखाशी आधी बोलून ठरवलेलं असेल, तर उत्तर दोन ओळींत देता येतं.

पोस्टडॉकच्या मुलाखतीला व्याख्यानानंतर लॅबमधल्या लोकांना भेटायला मिळतं. प्रमुख त्या खोलीत नसताना भेट मागावी. गेल्या पाच वर्षांत इथून गेलेले लोक कुठे आहेत? लिहून झालेला मसुदा प्रमुखाच्या टेबलावर किती महिने राहतो? लेखकांचा क्रम कधी आणि कसा ठरतो? एकाच प्रश्नावर दोघांना कामाला लावलं जातं का? जाताना प्रकल्प नेता येतो का? उत्तरांइतकाच उत्तराआधीचा क्षणभराचा विराम ऐकावा. जमलं तर सोडून गेलेल्या एकाशी फोनवर बोलावं. लेखी कुणी फारसं सांगत नाही. लॅबच्या कीर्तीपेक्षा मी या संभाषणाला जास्त महत्त्व देतो. मसुदा वर्षभर पडून राहणाऱ्या नामांकित लॅबमधून तीन वर्षांनी रिकाम्या हाताने बाहेर पडता येतं.

प्राध्यापकपदाची मुलाखत एक ते दोन दिवसांची. पाऊण-एक तासाचं व्याख्यान, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या भेटी आणि बऱ्याच ठिकाणी चॉक टॉक: स्लाइड नाहीत, फळ्यावर भविष्यातला कार्यक्रम मांडायचा, आणि दुसऱ्याच मिनिटाला कुणीतरी अडवणार. ते अडवणंच परीक्षा असते. विषय सोडून गेलेला प्रश्न ऐकून घेऊन परत फळ्यावर येता येतं का, आणि आकडे तोंडपाठ आहेत का, हे पाहतात: किती नमुने, किती काळ, संकेत आणि गोंगाट यांचं गुणोत्तर काय. याची तालीम आरशासमोर होत नाही; वेगळ्या विषयातल्या तीन-चार जणांना बसवून त्यांना अडवायला सांगावं.

पद देऊ केल्यावर स्टार्टअप निधीची, म्हणजे नवी लॅब उभारायला संस्था देते त्या पैशाची, बोलणी होतात. तिथे ढोबळ रकमेऐवजी उपकरणांची यादी आणि विक्रेत्यांची दरपत्रकं नेणारा माणूस जिंकतो. यादीत सहसा तीन गोष्टी राहून जातात. मोठ्या उपकरणाचा वार्षिक देखभाल करार, जो किमतीच्या दहा टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो. खोलीची दुरुस्ती: वीज, वायुवीजन, सूक्ष्मदर्शकासाठी कंपनं न पोचणारी जमीन. आणि तंत्रज्ञाचा पगार. खोली तयार व्हायला वर्ष लागलं आणि टेन्यूअरचं, म्हणजे पद कायम होण्यासाठीच्या मुदतीचं, घड्याळ मात्र पहिल्या दिवसापासून चालू असलं, तर त्या वर्षाची भरपाई कुठून होणार? म्हणून दुरुस्ती पूर्ण होण्याची तारीख आणि ती चुकल्यास घड्याळ थांबेल का, हे दोन्ही लेखी घ्यावं.

सगळी चांगली पदं प्राध्यापकाचीच असतात असं नाही. ग्रेनोबलच्या ईएसआरएफसारख्या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) किरणवाहिनी, म्हणजे ते किरण प्रयोगापर्यंत नेणारी वाट, सांभाळणारे शास्त्रज्ञ असतात. वेळेचा एक भाग बाहेरून आलेल्या संशोधकांना मदत, उरलेला स्वतःचं संशोधन. नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत संग्रह सांभाळणारे संशोधक, भूशास्त्रीय सर्वेक्षणं, हवामान संस्था, विद्यापीठांच्या सामायिक उपकरण-केंद्रांचे प्रमुख. या जागा प्राध्यापकपदाच्या शोधात दिसत नाहीत, कारण त्या वेगळ्या नावांनी लागतात. उपकरणावर जीव असणाऱ्या माणसाला इथे अधिक समाधानाचं आयुष्य मिळू शकतं, आणि पीएचडी करणाऱ्यांना हे पहिल्या वर्षीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

दोन ठिकाणांहून होकार आला, तर जिथे जाणार नाही तिथे निर्णय झाल्याच दिवशी कळवावं. लेखी नेमणूकपत्र हाती येईपर्यंत दुसरं दार लावू नये, तोंडी शब्दावर तर नाहीच. पण पत्र आल्यावर संकोचापोटी दहा दिवस गप्प बसू नये. त्या जागेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर कुणीतरी आहे. कदाचित त्याचा आताचा करार या महिनाअखेरीस संपतो आहे आणि व्हिसाला आठ-दहा आठवडे लागणार आहेत. दोन ओळींचा मेल पुरतो: आभार, नकार, आणि भविष्यात सोबत काम करायची इच्छा खरी असेल तर तिचा उल्लेख.